घरची रेस, घरची इस्त्री

मी स्की बोलतेय. हो, बुटाखाली बांधून बर्फावरून घसरायची, तीच. दुबईच्या इंटरनॅशनल सिटी भागातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन जहूर मला 'वो काला फट्टा' म्हणतो आणि लिफ्टमध्ये उभी करताना दर वेळी कुरकुरतो. एरवी मला कुणी फळी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण सध्या माझ्यात भांडायचंही त्राण नाही. मला धक्का बसलाय आणि तो ओसरायचं नाव घेत नाही.

माझ्याबरोबर माझी बहीण आहे. आम्ही दोघी हुबेहूब सारख्या, उजवी-डावी असा भेदही आमच्यात नाही. ती जन्माची अबोल. त्यामुळे दोघींच्या वाटचं मलाच बोलावं लागतं. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा जन्म ऑस्ट्रियातल्या एका खोऱ्यात, कारखान्यात झाला. पोटात लाकूड, वर-खाली धातूचे पत्रे, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, आणि हे सगळं गरम दाबाखाली चिकटवलेलं. तळवा काळा कुळकुळीत. बघणाऱ्याला तो काचेसारखा वाटतो, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. गरम इस्त्रीनं मेण लावलं की तो ते पितो. पोटभर प्यायला की आम्ही पळतो, उपाशी असला की बर्फ आम्हाला धरून ठेवतो. आमचं सगळं आयुष्य या खाण्यापिण्यावर चालतं.

पहिली मालकीण तिथलीच, एका हिवाळ्यात ताडमाड उंच झाली आणि आम्ही तिला आखूड पडू लागलो. मग जमालनं आम्हाला विकत घेतलं. जमाल मूळचा लेबनॉनचा, दुबईत बर्फावर शर्यत लावायला शिकवणारा प्रशिक्षक. दुबई म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विमानतळाबाहेर पेटी आली आणि मला वाटलं, चुकून परत कारखान्याच्या भट्टीत घातलं की काय! जमालनं गाडीतल्या एसीची सगळी तोंडं मागे आमच्याकडे वळवली आणि स्वतः घामाघूम होत गाडी चालवली. तेव्हाच ओळखलं, माणूस चांगला आहे.

त्यानं आम्हाला नेलं ते एका मॉलमध्ये. मॉलच्या पोटात बर्फाचा डोंगर! वर छप्पर, छपराला दिवे, आणि बाजूला मोठी काच. काचेपलीकडे लोक आइस्क्रीम खात उभे राहून आमच्याकडे बघत होते. बाहेर उन्हाचा वणवा, आत येऊन थंडी बघायची आणि ती बघताना थंडच खायचं. माणसांची ही तऱ्हा मला अजून उमगलेली नाही.

तिथे मला कॅरल भेटली.

कॅरल घोन्साल्विस. जन्म दुबईचा, शाळा-कॉलेज दुबईचं, मे महिन्यात वसईला आजीकडे गेली तर पाहुणी. पण पासपोर्ट भारताचा, म्हणून शर्यतीत तिच्या पाठीवर भारताचं नाव. ती बर्फावर आली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. तिचे वडील कॅस्मिर अल कूझ भागातल्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचे मास्टर. मॉलमधला बर्फ बघायला येणाऱ्यांना जी जाड जॅकेटं भाड्यानं देतात, ती धुवायला त्याच लाँड्रीत जायची. कॅस्मिर गाडीबरोबर गठ्ठे पोहोचवायला यायचा तेव्हा सुट्टीच्या दिवशी पोरीलाही आणायचा. ती गठ्ठ्यावर बसून आली आणि उतारावरून उतरायलाच तयार होईना. जमालनं तिला रडताना पाहिलं आणि म्हणाला, "हबीबी, लीव्ह हर विथ मी वन अवर." तो एक तास अजून संपलेला नाही.

कॅस्मिरविषयी काय सांगू? लग्नाचे झगे, काळे सूट, अरबांचे पांढरेशुभ्र पायघोळ कंदुरे, सगळं त्याच्या हाताखालून जातं. माणूस समोर आला की आधी त्याची कॉलर बघणार, मग तोंड. लेकीच्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पहिल्या दिवशी त्यानं मला हातात घेतलं, उलटी केली, तळव्यावरून पालथा हात फिरवला आणि म्हणाला, "बाय, कापड चांगलं आहे." मला तेव्हा हसू आलं. पण हात असा फिरला होता की त्या हाताला मी कुठे मऊ आहे, कुठे दुखरी आहे, सगळं समजलं असावं.

लेक पहिल्यांदा शर्यतीला निघाली तेव्हा त्यानं चर्चमधून बाटलीत आणलेलं पवित्र पाणी माझ्या दोन्ही कडांना चोळलं. दुसऱ्या दिवशी कडा गंजल्या. जमालनं डोक्याला हात लावला आणि अर्धा दिवस घासत बसला. कॅरल मात्र त्याला म्हणाली, "डोन्ट टेल डॅडी." तिनं बापाला ते कधीच कळू दिलं नाही.

आता या हंगामाचं सांगते. आमच्या खेळात गुणांचा प्रकार उलटा आहे. जितके कमी, तितकं चांगलं. शर्यत जिंकणारीपेक्षा तुम्ही किती मागे राहिलात, यावरून ते ठरतात. पुढच्या हिवाळ्यातल्या जागतिक स्पर्धेला जायचं तर एक ठरलेली रेषा असते. या हंगामात पाच शर्यतींत गुण त्या रेषेच्या आत आणायचे. पाच म्हणजे पाच. चारवर कुणी विचारत नाही.

कॅरल दोन वर्षं याच्यामागे होती. कॉलेजच्या परीक्षा पुढे ढकलल्या, मैत्रिणींच्या पार्ट्या सोडल्या. तिची आई कॉन्सेप्टा बर दुबई भागात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. ती म्हणायची, "एवढ्या थंडीत पडून दात पाडून घेशील, तर निदान आमच्याकडे डिस्काउंट मिळेल." म्हणायची आणि बॅगेत फुग्यांचा डबा कोंबायची. नाताळचे ते तळलेले गोल फुगे माझ्या शेजारी बसून कझाकस्तानला आले.

कझाकस्तान! तिथे मला हंगामातला पहिला धक्का बसला. वर छप्परच नव्हतं! इतकी वर्षं दिव्याखाली वावरलेली मी, आभाळ कशाला म्हणतात ते विसरून गेले होते. वारा अंगावर येत होता, ढग आला की बर्फाचा रंग बदलायचा, चढ कुठे आणि उतार कुठे तेच समजेना. कॅरलचे पाय बुटातल्या बुटात थरथरत होते, मला खाली सगळं कळत होतं. उतारावर वळणांच्या खुणेला खांब रोवलेले असतात. पहिल्या दिवशी ती तिसऱ्याच खांबाला आडवी झाली. उठली, अंग झाडलं, आणि जमालला म्हणाली, "कोच, देअर इज टू मच स्काय."

जमाल हसून हसून लोळला. पण दुसऱ्या दिवशी पोरीनं गुण रेषेच्या आत आणले. मग पुन्हा एकदा तिथेच, मग लेबनॉनमध्ये, मग बल्गेरियात. चार झाले. पाचवी शर्यत आमच्याच मॉलमधल्या बर्फावर होती, जिथला एकेक खड्डा आम्हाला तोंडपाठ. कॉन्सेप्टानं तर जागतिक स्पर्धेला कोणता स्वेटर न्यायचा ते ठरवूनही टाकलं.

आणि इथे कॅस्मिरनं तोंड उघडलं.

संबंध हंगामभर आम्हाला मेण लावायचं काम जमालच करत होता. पाहुणे संघ आल्यामुळे बर्फामागची मेण लावायची खोली गजबजून गेली होती, टेबल मिळेना. तेव्हा कॅस्मिर जमालसमोर जाऊन उभा राहिला.

"जमालभाई, घर की रेस है. घर की इस्त्री चलेगी. इस बार वॅक्स मैं करेगा."

जमालनं मेणाची वडी काढून दिली. किती गरम, कसं फिरवायचं, थंड झाल्यावर कसं खरवडायचं, हातवारे करून सांगितलं. मग म्हणाला, "टेक माय आयर्न आल्सो, हबीबी. इट्स ओन्ली फॉर स्की."

कॅस्मिरचा चेहरा पडला. "तीस साल से इस्त्री करता हूँ. मेरेको इस्त्री देता है?"

"ओके, ओके, खलास," जमाल हसला. "बट क्लीन आयर्न."

"मेरी इस्त्री में देख के तुम अपना दाढी बना सकता है."

घरी आणून त्यानं आम्हाला डायनिंग टेबलावर झोपवलं, खाली जुनी चादर घातली. इस्त्री लाँड्रीतून आणलेली, त्याची स्वतःची, जड. ती त्यानं घासूनपुसून लख्ख केली. मग थोडा वेळ विचार करत उभा राहिला. तो काय विचार करत होता ते मला नीट समजत होतं. उघडं तापलेलं लोखंड लेकीच्या स्कीला थेट कसं लावायचं? काळ्या सुटाला लावतो का आपण? चकाकी उठते, कापड भाजतं. नाजूक कापडासाठी इस्त्रीच्या तळाला टेफ्लॉनची एक पट्टी बसवतात. लाँड्रीवाले तिला चप्पल म्हणतात. त्याच्याकडे एक नवी होती, एक जुनी. नवी कापडाला ओढते, जुनी लोण्यासारखी चालते. त्यानं जुनी चढवली, नवरीच्या झग्यासाठी राखून ठेवलेली.

काय सांगू तुम्हाला, असे लाड माझे जन्मात कुणी केले नव्हते! ना चटका, ना घाई. वरून खाली, वरून खाली, तोंडानं वसईचं कसलंसं गाणं. कॅरल शर्यतीचा नंबर घेऊन आली तेव्हा तो ब्रश मारत होता आणि चप्पल चढवलेली इस्त्री टेबलावर उभी होती. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं.

"वॉव डॅडी! सो स्मूथ!"

"मग? तुझ्या कोचला सांग, इस्त्री काय असते ती."

शर्यत सकाळी, मॉल उघडायच्या आधी. कॅस्मिर कुणी भेटेल त्याला "माझी मुलगी" सांगत फिरत होता, अंगात स्वतःच इस्त्री केलेला शर्ट. कॉन्सेप्टा काचेला नाक लावून, हातात रोझरीची माळ. दोन फेऱ्या असतात. पहिलीत कॅरल जपून उतरली. दुसरीत तिनं मला मोकळं सोडलं. लाल खांब, निळा खांब, लाल, निळा, कडा बर्फात रुतत होत्या, सुटत होत्या, आणि मी कधी नव्हे अशी पळत होते. खाली पोचलो. बोर्डावर वेळ उमटली. जमालनं फोनवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि ओरडला, "इनसाइड! कॅरल, इनसाइड!"

पाच झाले. पोर बर्फावर बसलीच. काचेपलीकडे कॅस्मिर दोन्ही हातांनी काच बडवत होता आणि गार्ड त्याला, "सर, ग्लास, सर, ग्लास," म्हणून विनवत होता.

शर्यत संपल्यावर आम्हाला एका टेबलाकडे नेतात. या वर्षी तिथे एक छोटं यंत्र होतं आणि ते घेऊन युरोपातून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. मेणात फ्लोरिन नावाचं द्रव्य असलं की स्की जास्त पळते, पण ते पाण्यात उतरलं की जात नाही, विष होऊन राहतं. म्हणून त्याच्यावर बंदी. यंत्र तळव्याला टेकवायचं. हिरवा दिवा लागला की जा घरी. माझ्या पुढच्या साऱ्या पोरींच्या स्की हिरव्या निघाल्या होत्या. मी निवांत पडले होते. मला कशाची भीती?

बाईंनी यंत्र टेकवलं आणि दिवा लाल झाला.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी ते पुसलं, मधोमध टेकवलं. लाल. शेपटाकडे टेकवलं. लाल. माझ्या बहिणीला उचललं. तीही लाल! अहो, मी चोर? जिनं उभ्या आयुष्यात एकही खांब कधी चुकवला नाही, ती मी? मला ओरडावंसं वाटत होतं. कॅरलकडे पाहिलं तर तिच्या गालावर अजून हसू तसंच होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं.

आम्हाला आतल्या खोलीत नेलं. बाई, जमाल, कॅरल आणि टेबलावर आम्ही दोघी. आईवडील बाहेर.

"व्हिच वॅक्स?" बाईंनी विचारलं.

जमालनं वडी पुढे केली. यंत्र टेकवलं. हिरवा.

"ब्रश?" तोही हिरवा.

"देन आयर्न. व्हिच आयर्न?"

त्या क्षणी कॅरलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला टेबलावर उभी असलेली इस्त्री आठवली होती, मी शपथेवर सांगते. टेफ्लॉनमध्ये तेच असतं, फ्लोरिन. जुनी, झिजलेली चप्पल गरम होऊन माझ्यावर वरून खाली फिरली होती, आणि मी ते लाड समजून पोटभर प्यायले होते. कॅरलनं जमालकडे पाहिलं. जमालनं तिच्याकडे. तो वर्षानुवर्षं लाँड्रीतल्या माणसाला ओळखत होता, त्याच्याही डोक्यात उजेड पडला.

कॅरलनं ओठ आवळून घेतले. सांगून निकाल बदलणार नव्हता. कुणी मुद्दाम केलं की चुकून, यंत्राला त्याचं काय? स्की लाल तर शर्यत बाद. मग ते बापाच्या माथी कशाला मारायचं?

जमाल हळूच म्हणाला, "धिस मॉर्निंग, ऑन माय टेबल, मॅडम. ओल्ड टेबल. ओल्ड वॅक्स ऑन इट, मेबी. माय मिस्टेक."

बाईंनी कागदावर त्याचं नाव लिहिलं. "यू अंडरस्टँड, इट गोज अगेन्स्ट युवर नेम?"

"इन्शाल्ला, माय नेम विल सर्व्हाइव्ह," तो म्हणाला.

आणि दार उघडून कॅस्मिर आत घुसला. दाराबाहेरून त्यानं तेवढंच ऐकलं होतं. माय टेबल. माय मिस्टेक.

"तुम्हारा मिस्टेक?" त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "बच्ची को तुम्हारे हाथ में दिया. इतना भरोसा किया. दो साल मेरी बाय सोई नहीं, और तुम गंदा टेबल रखता है? शरम नहीं आती?" त्यानं जमालच्या जॅकेटला हात घातला. तेच जॅकेट त्यानं कधी तरी धुऊन दिलं असेल.

जमाल हलला नाही. मान खाली. "यू आर राइट, कॅस्मिर. सॉरी."

बाहेरच्या पोरी दारात जमल्या. कॅस्मिर बोलतच होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता. मी टेबलावर पडून मनातल्या मनात कॅरलला हाका मारत होते. सांग ना गं, कुणी तरी सांगा ना!

"डॅडी, स्टॉप."

कॅरल उठली होती. ती बापाशी नेहमी इंग्रजीतच बोलते. या वेळी मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द शोधून.

"डॅडी, टेबल नाही. जमाल सर खोटं बोलतात. काल इस्त्रीला चप्पल होती ना?"

"होती. मग? भाजू नये म्हणून..."

"टेफ्लॉनमध्ये तेच असतं, डॅडी. जे बॅन आहे ते."

कॅस्मिरचा हात जमालच्या जॅकेटवर तसाच राहिला. त्यानं यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. मी माणसं पडताना पुष्कळ पाहिली आहेत, हाडं मोडताना पाहिली आहेत. पण उभ्या जागी माणूस असा कोसळताना मी पहिल्यांदाच पाहिला. तो पडला नाही, नुसता उभा राहिला, आणि ते बघवत नव्हतं.

"मी केलं?" त्यानं विचारलं.

मग त्यानं जमालचं जॅकेट सोडलं आणि हातानं ते नीट केलं, सुरकुती काढली. बाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, हिज नेम कट. माय नेम राइट. कॅस्मिर घोन्साल्विस. माय आयर्न."

बाईंचा आवाज मऊ झाला. त्यांनी जमालचं नाव खोडलं. पण म्हणाल्या, "सर, आय कॅननॉट राइट यू. देअर इज नो प्लेस फॉर अ फादर. ओन्ली द रेसर."

आणि शर्यत बाद म्हणून जे नाव लिहिलं गेलं, ते कॅरलचं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, विचारू नका. जमालनं दुसऱ्याच दिवशी आम्हाला मशीनवर घेतलं आणि तळव्याचा एक थर खरवडून काढला. कातडी सोलल्यासारखं झालं, पण मी हूं की चूं केलं नाही. बाई परत जायच्या आधी त्यांनी यंत्र टेकवून पाहिलं. हिरवा. मात्र जमालनं कॅरलला सांगून टाकलं, आता तळवा इतका पातळ झालाय की पुन्हा घासता येणार नाही. पुन्हा काही झालं तर या स्की संपल्या.

घरात कॅस्मिर कुणाशी बोलेना. जेवायला बसला तर माझ्याकडे पाठ करून बसायचा. एके दिवशी लाँड्रीतून लवकर आला आणि सोफ्यावर बसून राहिला.

"काय झालं?" कॉन्सेप्टानं विचारलं.

"कंदुरा जाळला."

"कुणी?"

"मी."

कॉन्सेप्टाच्या हातातला चमचा हातातच राहिला. तीस वर्षांत या माणसानं रुमालसुद्धा जाळला नव्हता. तो म्हणाला, इस्त्री हातात घेतली की हात कापतो. मालक हमीदनं समजुतीनं घेतलं, त्याला सध्या कपडे मोजायला बसवलं. मास्टर कॅस्मिर कपडे मोजतो!

"जगात एकच हंगाम असतो का रे?" कॉन्सेप्टा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ती ओरडून बोलत होती. "पोरगी जिवंत आहे, धडधाकट आहे. तूच मेल्यासारखा का बसतोस?"

अशातच जमालचा फोन आला. तुर्कस्तानात हंगामाची शेवटची एक शर्यत आहे, त्यांच्याकडे एक जागा रिकामी झाली आहे. रेषेच्या आत गुण आले तर पाचवा निकाल अजून मिळू शकतो. कॅरलनं फोन ठेवला आणि कपड्यांची बॅग भरली. मग जमालकडे गेली आणि त्याची ती फक्त स्कीची इस्त्री घेऊन घरी आली.

तिनं डायनिंग टेबल रिकामं केलं, चादर घातली, आम्हाला झोपवलं. मेणाची वडी ठेवली. इस्त्रीची पिन सॉकेटमध्ये घातली. मला वाटलं, शहाणी पोर, स्वतःच करतेय.

"डॅडी, कम."

आणि तेव्हा मला तो धक्का बसला, ज्याच्यासाठी मी एवढं बोलत बसलेय. अगं, वेड लागलंय का तुला? ज्या हातांनी बुडवलं, त्याच हातांत? तोही कापणारा हात? तळवा कागदाएवढा उरलाय माझा! जरा जास्त वेळ इस्त्री एका जागी थांबली तर जळून खाक होईन मी, आणि तुझं तुर्कस्तान इथेच संपेल. जमाल आहे ना? जगात दुसरी माणसं मेली का?

"नको, बाय," कॅस्मिर सोफ्यावरूनच म्हणाला. "जमालला सांग."

"जमाल सर बोलले, ही विल डू इट. मी 'नो' बोलले."

"माझा हात कापतो. पुन्हा काही झालं तर?"

"तर नाही जाणार मी." ती मराठीत बोलायचा प्रयत्न करत होती, शब्द अडत होते. "दुसऱ्या कोणी लावलं आणि मी जिंकली, तर तुम्ही पूर्ण लाइफ तसेच बसणार. मला ते नकोय. आय डोन्ट वॉन्ट दॅट रिझल्ट, डॅडी. तुम्ही लावा, नाही तर मी ही बॅग उघडते आणि कपडे परत ठेवते."

कॉन्सेप्टा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं गॅस बंद केला होता, आणि कॉन्सेप्टा स्वयंपाक मध्येच सोडते म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे या घरात मलाही कळतं.

कॅस्मिर उठला. हात मागे बांधून टेबलापर्यंत आला. इस्त्री उलटी करून तिचा तळ बघितला, तिरका धरून उजेडात बघितला, पुन्हा बघितला. जमालला फोन लावला. "भाई, इसमें कुछ लगा तो नहीं है ना? सच बोल." पलीकडून जमाल काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. कॅस्मिर नुसता "हां, हां" करत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

मग त्यानं पालथा हात माझ्यावर ठेवला. कापत होता. मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू? मेण थेंब थेंब माझ्यावर पडलं, आणि इस्त्री टेकली. उघडं, गरम लोखंड. एका जागी थांबू नकोस, कॅस्मिर, मी मनात ओरडत होते, थांबू नकोस रे बाबा! पहिल्या वितीत इस्त्री अडखळली, जरा थबकली, मला चटका बसला. कॅरलनं मागून त्याच्या मनगटावर हात ठेवला नाही, ती पुढेही आली नाही. ती फोनमध्ये बघत बसली होती, जणू बाप रोजच्याच कपड्यांना इस्त्री करतोय. मी तिच्याइतकं धीराचं माणूस पाहिलेलं नाही. इस्त्री पुढे सरकली. वरून खाली. वरून खाली. शेपटापर्यंत येता येता हात कापायचा थांबला होता.

जळाले नाही मी. एक छोटा चट्टा आहे पुढे, बारीक, तो राहू दे.

हे सगळं मी बॅगेतून सांगतेय. चेन लागली आहे, बहीण शेजारी गप्प आहे, खाली जहूर 'फट्टा' उचलायला आलाय आणि आज चक्क दोन्ही हातांनी उचलतोय. थोड्या वेळात आम्ही विमानतळावर. तिथे आभाळ असेल, वारा असेल, आणि खाली कुठे तरी एक बाई यंत्र घेऊन बसलेल्या असतील. दिवा कोणता लागेल, गुण आत येतील की बाहेर, मला माहीत नाही. माझा पातळ तळवा एवढी शर्यत काढेल, इतकं मात्र मी ठरवलंय.

तुमचा निरोप घेताना एकच मागणं आहे. कधी अल कूझकडे गेलात आणि लाँड्रीत कपडे द्यायची वेळ आली, तर तिथला मास्टर तुम्हाला न विचारता सांगू लागेल की तुर्कस्तानच्या शर्यतीला मेण कुणी लावलं होतं. तुम्हाला घाई असेल, गाडी चुकीच्या जागी लावलेली असेल. तरी थांबा. त्याला मध्येच तोडू नका, सगळं सांगू द्या.